गाडी सुटण्याआधी

रत्नागिरी स्थानकाच्या दोन्ही अंगांना कोकण रेल्वेची दोन मोठी कामे उभी आहेत. उत्तरेला उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि दक्षिणेला निवसरकडे जाताना पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. २०१३ साली काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा वाहतुकीला खुला होईपर्यंत करबुडे हा देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पानवलच्या पुलावर गाडी आली की खिडकीपाशी गर्दी होते, मोबाइल बाहेर निघतात, लहान मुलांना उचलून दरी दाखवली जाते. सह्याद्रीच्या सोंडा फोडून आणि खाड्या ओलांडून हा मार्ग ज्यांनी उभा केला, त्यांचे कौतुक कोकणात मनापासून होते आणि व्हायलाच हवे.

त्या पुलावरून जाणाऱ्या चाकाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. बावीस डब्यांच्या गाडीला १७६ चाके असतात आणि ८८ अ‍ॅक्सल. प्रत्येक चाक रुळाला टेकते ते जेमतेम नखाएवढ्या जागेत. भरलेल्या मालडब्याचे वजन सुमारे ८१ टन धरले तर त्याच्या आठ चाकांपैकी प्रत्येकावर दहा टनांचा भार येतो, आणि तो एवढ्याशा स्पर्शातून रुळावर उतरतो. या चाकांपैकी एकाला तडा गेला, एक बेअरिंग तापून जाम झाले, ब्रेकचा एखादा दांडा सुटून खाली लोंबू लागला, तर पूल कितीही भक्कम असला आणि बोगदा कितीही नेटका खणलेला असला तरी उपयोग नाही. डबे आणि मालडबे धावण्याजोगे आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या, आणि नसतील तर त्यांना धावण्याजोगे करणाऱ्या माणसांचे काम हा पुढील पानांचा विषय आहे.

रेल्वेत या खात्याला ‘कॅरेज अँड वॅगन’ म्हणतात, बोलताना नुसते ‘सीअँडडब्ल्यू’. गाडी तपासणारा माणूस पूर्वी ‘ट्रेन एक्झामिनर’ होता. आता त्याचे पद ज्युनियर किंवा सीनियर सेक्शन इंजिनीअरचे झाले आहे, पण फलाटावरचे जुने लोक त्याला अजून ‘टीएक्सआर’च म्हणतात. त्याच्या हाताखाली फिटर, वेल्डर, हेल्पर असतात. ही माणसे प्रवाशांना फारशी दिसत नाहीत. दिसलीच तर गाडी उभी असताना डब्याखाली वाकलेली, हातात टॉर्च आणि हातोडी घेतलेली. त्यांचे काम नीट झाले की काहीही घडत नाही, आणि जे घडत नाही त्याची बातमी होत नाही. या विषयावर मराठीत फार थोडे लिहिले गेले, याचे हेच कारण असावे.

हा विषय समजून घ्यायला रत्नागिरीसारखी जागा नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला. ९१ बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, आणि बहुतेक ठिकाणी एकच रूळमार्ग. रोहा ते वीर एवढ्या पट्ट्याचे दुहेरीकरण २०२१ साली पूर्ण झाले. त्याच्या पुढे दक्षिणेला गाड्या एकमेकींना वाट देत, स्थानकांवर थांबत चालतात. अशा मार्गावर एका गाडीचा एक डबा नादुरुस्त झाला की केवळ त्या गाडीचा खोळंबा होत नाही. मागची गाडी संगमेश्वरला अडकते, समोरची आडवलीला, आणि दोन तासांत मडगावपासून पनवेलपर्यंत वेळापत्रक कोलमडते. दुहेरी मार्गावर शेजारच्या रुळाने मदत येऊ शकते. इथे मदतही त्याच एका रुळाने येणार.

कोकणच्या लोकांच्या मनात रेल्वेची सुरक्षा म्हटले की डोंगर आणि पाऊस येतो, आणि त्याला कारण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ करंजाडीच्या परिसरात मत्स्यगंधा एक्सप्रेसला तशाच कारणाने अपघात झाला. त्यानंतर उतारांना जाळ्या लागल्या, पावसाळी गस्त वाढली, गाड्यांचे वेग उतरवले गेले. आजही पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागते. जोराच्या पावसात समोरचे दिसेनासे झाले तर लोको पायलटने ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही, असा दंडक आहे. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवलेले आहे. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदला जातो. रत्नागिरीला शस्त्रक्रियेची सोय असलेली स्वयंचलित अपघात-वैद्यकीय गाडी सज्ज असते, आणि वेर्ण्याला अपघात-मदत गाडी. हे सारे आवश्यक आहे आणि ते सांगितले जाते, दर जूनमध्ये वर्तमानपत्रांत छापूनही येते. त्याच पावसात धावणाऱ्या डब्याचे काय होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

तपासणी सुरू होते ती गाडी थांबण्याच्या आधी. गाडी टर्मिनसच्या फलाटावर हळूहळू शिरत असताना रुळाच्या दोन्ही बाजूंना सीअँडडब्ल्यूची माणसे उभी असतात. त्यांच्या भाषेत हे ‘रोलिंग-इन’. नजर डब्याच्या खिडक्यांवर नसते, गुडघ्याच्या उंचीला खिळलेली असते. एखादी स्प्रिंग मोडली आहे का, काही लोंबते आहे का, एखाद्या चाकाचा आवाज बाकीच्यांहून वेगळा येतो का, ब्रेक सुटल्यावरही एखादे चाक धरून राहिले आहे का. उभ्या गाडीत जे कळत नाही ते चालत्या गाडीत कळते. गाडी थांबली की लगेच, बेअरिंगे गार व्हायच्या आत, त्यांचे तापमान घेतात. पूर्वी हे काम पालथ्या हाताने होई. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू उष्णता लवकर ओळखते आणि भाजलेच तर कामाचा तळवा वाचतो. आता बहुतेक ठिकाणी दुरून नेम धरून तापमान दाखवणारे यंत्र असते. तरी मुरलेला फिटर यंत्रावरचा आकडा वाचून झाल्यावरही अ‍ॅक्सल बॉक्सजवळ हात नेऊन पाहतोच.

मग गाडी पिट लाईनवर जाते. दोन रुळांच्या मधोमध माणूस उभा राहू शकेल एवढा खोल चर असतो. त्यात उतरून डब्याचे पोट खालून पाहायचे. काम सुरू करण्याआधी गाडीच्या दोन्ही टोकांना लाल झेंडे लागतात, रात्री लाल दिवे. ज्याने ते लावले त्यानेच काढायचे. ते निघेपर्यंत त्या गाडीला कुणी इंजिन जोडायचे नाही, ढकलायचे नाही. आत चरात माणसे आहेत एवढाच त्या लाल कापडाचा अर्थ, आणि रेल्वेतल्या कुठल्याही नियमाइतकाच तो कडकपणे पाळला जातो. चरातला माणूस ब्रेक ब्लॉक किती झिजले ते पाहतो, स्प्रिंगा, कॉटर आणि पिना पाहतो, ब्रेकचे दांडे सुटलेच तर रुळावर पडू नयेत म्हणून लावलेले पट्टे आणि तारदोर पाहतो. जुन्या पद्धतीच्या डब्यात डॅशपॉटमध्ये तेल पुरेसे आहे का ते बघतो. वर त्याच वेळी सफाई, पाणी, दिवे, पंखे, बॅटऱ्या, दारे, खिडक्या यांचे काम चालू असते. चोवीस डब्यांच्या गाडीला पिट लाईनवर साधारण सहा तास मिळावेत, असा संकेत आहे.

चाकाचे मोजमाप हा या सगळ्याचा गाभा. प्रवासी डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते, मालडब्याचे १,००० मिलिमीटरचे. चालून चालून ते झिजते, पुन्हा लेथवर घेऊन त्याला मूळ आकार देतात, आणि ठरावीक मापाखाली गेले की ते भंगारात जाते. एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर १,६०० मिलिमीटर असायला हवे, आणि त्यात इकडेतिकडे व्हायला एकदोन मिलिमीटरचीच सूट. चाकाला आतल्या बाजूने जी कड असते ती फ्लँज. चाक रुळावर धरून ठेवण्याचे काम तिचे. ती फार पातळ झाली तर धोका, तिची धार तीक्ष्ण झाली तर धोका, आणि चाकाचा माथा झिजून ती फार उंच वाटू लागली तरी धोका. यातल्या प्रत्येक दोषासाठी पत्र्याचे कापलेले एक गेज असते. ते चाकावर धरायचे आणि फट पाहायची. पदवीपेक्षा नजर आणि सवय यांचे हे काम आहे, आणि आयटीआयमधून आलेला तरुण ते दोनतीन वर्षांत मुरून शिकतो.

चाकाचा एक दोष प्रवाशालाही ऐकू येतो. ब्रेक लागताना चाक फिरायचे थांबून रुळावर घसरले की घासून त्याला चपटा डाग पडतो. कोकणच्या पावसात, पालापाचोळ्याने निसरड्या झालेल्या रुळावर याची शक्यता वाढते. प्रवासी डब्याच्या चाकावर असा चपटा भाग ५० मिलिमीटरपर्यंत चालतो, मालडब्याच्या चाकावर ६० पर्यंत. त्यापुढे डबा गाडीतून काढावा लागतो. का, ते साध्या हिशेबाने कळते. ९१५ मिलिमीटरच्या चाकाचा घेर पावणेतीन मीटरहून थोडा जास्त. ताशी शंभर किलोमीटरने जाताना ते सेकंदाला जवळजवळ दहा वेळा फिरते. म्हणजे तो चपटा भाग सेकंदाला दहा वेळा रुळावर हातोडा मारत जातो. त्या माराने बेअरिंग खराब होते, आणि रूळही खराब होतो. रुळाचे दुखणे आणि डब्याचे दुखणे अशी कागदावर वेगळी खाती असतात, प्रत्यक्षात ती एकमेकांना लागण देतात.

अ‍ॅक्सलचा इतिहास जुना आणि दारुण आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला. गाडी पेटली, डब्यांना बाहेरून कुलपे होती, आणि पन्नासहून अधिक लोक मेले. धडधाकट दिसणारे पोलाद अचानक कसे तुटते, या प्रश्नामागे तेव्हापासून अभियंते लागले. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने पुढच्या काही दशकांत अ‍ॅक्सल फिरवून फिरवून, वाकवून वाकवून प्रयोग केले आणि दाखवून दिले की मोठ्या ओझ्याने जे मोडत नाही ते छोटे ओझे लाखो वेळा पडल्याने मोडू शकते. धातू थकतो, आणि थकव्याचा तडा आतून किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी सुरू होतो. कोकण रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी, ३ जून १९९८ रोजी, जर्मनीत एशेडे इथे वेगवान गाडीच्या एका चाकाची बाहेरची धाव तुटली आणि १०१ माणसे मेली. तडा त्या धावेच्या आतल्या बाजूने पडला होता. म्हणून आज कारखान्यात प्रत्येक अ‍ॅक्सलची तपासणी ध्वनिलहरींनी होते. गर्भिणीच्या पोटातले मूल पाहायचे तंत्र इथे पोलादातली भेग शोधायला वापरले जाते.

बेअरिंगचे तसे नाही. ते मोडण्याआधी तापते, म्हणजे इशारा देते. प्रश्न एवढाच की तो इशारा वेळेत कुणी वाचतो का. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ मालगाडी घसरली आणि विषारी रसायनांचे डबे पेटले. त्या गाडीचे एक बेअरिंग तापत चालले होते. मार्गावर तापमान मोजणारी यंत्रे होती, पण दोन यंत्रांमधल्या लांब अंतरात ते हाताबाहेर गेले. आपल्याकडे या कामासाठी यंत्रांच्या बरोबरीने एक जुनी व्यवस्था आजही चालू आहे, आणि कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. गाडी न थांबता उक्षी किंवा निवसरसारख्या स्थानकातून जाते तेव्हा फलाटावर स्टेशन मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभा असतो, पलीकडच्या बाजूला पॉइंट्समन. रात्री त्यांच्या हातात हिरवे दिवे असतात. अनेकांना तो निरोपाचा रिवाज वाटतो. ती तपासणी असते. दोन्ही बाजूंनी गाडीची पूर्ण लांबी डोळ्यांखालून घालायची, धूर, ठिणगी, लोंबणारा भाग, जळका वास, उघडे दार असे काही आढळले तर लाल दाखवून गाडी थांबवायची, आणि सगळे ठीक असेल तरच हिरवे. इंजिनातला सहायक आणि शेवटच्या डब्यातला ट्रेन मॅनेजर, म्हणजे पूर्वीचा गार्ड, त्याला तसेच हिरवे दाखवून उत्तर देतात. करबुड्याच्या बोगद्यात शिरण्यापूर्वीचे हे शेवटचे डोळे. साडेसहा किलोमीटरच्या अंधारात तापलेल्या अ‍ॅक्सलने गाडी अडली तर काय होईल याची कल्पना ज्याला आहे, त्याला भर पावसात रेनकोट घालून झेंडा धरणाऱ्या त्या माणसाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

ब्रेकची गोष्ट आयर्लंडमध्ये सुरू होते. १२ जून १८८९ रोजी आर्मा गावाजवळ सहलीला निघालेल्या गाडीचे मागचे डबे चढावर इंजिनापासून सोडवून ठेवले. ते मागे घसरले, त्यांना थांबवणारे काही नव्हते, आणि सुमारे ८० जण, त्यांतली बरीच मुले, मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. स्वयंचलित म्हणजे असे की गाडीचे दोन तुकडे झाले, पाईप तुटला, तर ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. आजच्या भारतीय गाडीत हेच तत्त्व आहे. संपूर्ण गाडीभर एक ब्रेक पाईप असतो, त्यात दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाबाची हवा. शेजारच्या फीड पाईपमध्ये सहा किलो. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले, दाब गेला की लागलेले. प्रवासी साखळी ओढतो तेव्हा याच पाईपमधली हवा बाहेर जाते, आणि मग कर्मचाऱ्याला त्या डब्यापाशी चालत जाऊन झडप पूर्ववत करावी लागते. पानवलच्या पुलावर किंवा बोगद्यात विनाकारण साखळी ओढणाऱ्याने हे एकदा डोळ्यांसमोर आणावे.

गाडी निघण्यापूर्वी ही हवा भरून पाहतात. मिनिटाला दाब किती उतरतो ते मोजतात, ब्रेक लावून प्रत्येक डब्याचे सिलिंडर हलले का ते चालत जाऊन बघतात, सोडून पुन्हा बघतात. सगळे जमले की एक कागद तयार होतो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. रेल्वेच्या बोलीत ‘बीपीसी’. सीअँडडब्ल्यूचा अधिकारी, लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर असे तिघे त्यावर सही करतात. सुरुवातीच्या स्थानकावरून निघणाऱ्या प्रवासी गाडीचे ब्रेक शंभर टक्के चालू असले पाहिजेत, एकही डबा त्यातून सुटत नाही. हा कागद नसेल तर लोको पायलट गाडी हलवत नाही. साध्या छापील फॉर्मवरच्या या तीन सह्यांमागे तीन माणसे आपल्या नोकरीची, आणि प्रसंगी तुरुंगाचीही, जोखीम घेऊन उभी असतात. वंदे भारतच्या चकचकीत डब्याइतकाच हा कागदही प्रगतीची खूण मानला जावा.

रोजच्या तपासणीपलीकडे ठरावीक मुदतीच्या दुरुस्त्या असतात. जुन्या, चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याच्या पद्धतीचे मेल-एक्सप्रेस डबे १८ महिन्यांनी कारखान्यात जाऊन पूर्ण उघडले जातात. नव्या एलएचबी डब्यांना १८ महिने, तीन वर्षे आणि सहा वर्षे अशा चढत्या पायऱ्यांची दुरुस्ती असते. मुंबईत १९१५ पासून चालत आलेला माटुंग्याचा कारखाना याच कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली माणसे कामाला राहिली. कारखान्यातून निघालेल्या डब्याच्या टोकाच्या भिंतीवर दुरुस्तीचे ठिकाण, तारीख आणि पुढच्या परतीची तारीख रंगवलेली असते. फलाटावर उभ्या प्रवाशाने दोन डब्यांच्या जोडावर वाकून पाहिले तर ती वाचता येते. डब्याच्या अंगावरच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे त्याचे जन्मसाल सांगतात.

मालडब्यांचे जग वेगळे आहे. त्यांना घर नसते. प्रवासी गाडी फिरून आपल्या डेपोत येते, मालडबा मात्र आज इथे तर महिन्याने देशाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून मालगाड्यांचे काही संच बंद साखळीत फिरवतात. त्यांची एकदा कसून तपासणी केली की साधारणपणे ७,५०० किलोमीटर किंवा ३५ दिवस, जे आधी संपेल तोवर, त्यांचे बीपीसी चालते. कोकण रेल्वेने यात आपली एक भर घातली. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अशी ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. सपाट मालडब्यांवर भरलेले ट्रक चढवून ते चालकासह नेले जातात. २०२५ च्या गणपतीत खासगी मोटारींसाठीही तशी गाडी सोडण्यात आली. इथे तपासणाऱ्याला मालडब्याच्या चाकांबरोबर त्यावरच्या ट्रकाकडेही पाहावे लागते. तो नीट जखडला आहे का, त्याची उंची मापात आहे का, ताडपत्री सुटून फडफडणार नाही ना. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आल्यापासून सैल ताडपत्री हा फार मोठा धोका झाला आहे.

डब्यांमध्ये गेल्या काही वर्षांत जे बदल झाले ते कोकणाला विशेष मानवणारे आहेत. जुन्या डब्याचा सांगाडा साध्या पोलादाचा. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि शौचालयाखाली सतत ठिबकणारे पाणी यांनी तो नेमका तिथेच कुजायचा. एलएचबी डबा स्टेनलेस स्टीलचा आहे, शौचालये जैविक टाक्यांची आहेत, आणि कपलिंगची रचना अशी की टक्कर झाली तरी डबे एकमेकांवर चढण्याचा धोका कमी. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या २०१९ मध्ये या डब्यांच्या झाल्या. यामुळे देखभाल सोपी झाली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. डिस्क ब्रेक, चाक घसरू न देणारी संवेदक यंत्रणा, धुराची सूचना देणारी उपकरणे यांच्यासाठी हातोडीइतकाच लॅपटॉपही लागतो. पन्नाशीतल्या फिटरांना नव्याने शिकावे लागले आहे, आणि त्यांनी ते शिकून दाखवले आहे. डब्याच्या आतल्या सुखसोयींचा विचार करताना राजापूरचे खासदार मधू दंडवते यांची आठवण निघणे अपरिहार्य आहे. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आणला. तो फोम फाटला तर शिवणे, उसवला तर बदलणे हेसुद्धा पिट लाईनवरच्या कामांत मोडते.

इथे एक गोष्ट ठामपणे मांडायला हवी. कोकणात नव्या गाड्यांची मागणी होते, टर्मिनसची मागणी होते. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले आणि त्याबद्दल आंदोलने अजून चालू आहेत. या चर्चेत फलाट, छप्पर, इमारत यांचीच नावे निघतात. गाडी जिथून सुटते ते ठिकाण मुळात पिट लाईनमुळे, पाणी भरण्याच्या सोयीमुळे, ब्रेक तपासणाऱ्या माणसांमुळे टर्मिनस होते. ते नसेल तर रिकामी गाडी तपासणीसाठी दूरच्या डेपोत न्यावी लागते, आणि एकेरी मार्गावर रिकाम्या गाडीला जागा कुठून आणायची? रत्नागिरीहून किंवा सावंतवाडीहून जास्त गाड्या सुटाव्यात असे ज्यांना वाटते त्यांनी निवेदनात पहिली मागणी पिट लाईनची लिहावी, दुसरी माणसांची. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिल्यानंतर तर हा प्रश्न विचारण्याची वेळ आलीच आहे.

गणपतीच्या दिवसांत हे सर्वांत जास्त जाणवते. चाकरमान्यांसाठी शेकडो जादा फेऱ्या सुटतात, डबे जिथून मिळतील तिथून आणले जातात, गाड्या उशिरा पोहोचतात आणि लगेच परत फिरायच्या असतात. उशीर भरून काढायला सर्वांत सोपी जागा म्हणजे देखभालीचा वेळ. फलाटावर लोक ओरडत असतात, नियंत्रण कक्षातून फोन येत असतो, आणि बीपीसीवर सही करायची राहिलेली असते. त्या क्षणी ‘हा डबा सिक आहे, तो काढल्याशिवाय गाडी जाणार नाही’ असे म्हणणाऱ्या टीएक्सआरच्या मागे उभे राहणे हे प्रशासनाचे काम आहे, तसेच फलाटावरच्या गर्दीचेही.

पुढील प्रकरणांत चाक, अ‍ॅक्सल, ब्रेक, बोगी, कपलिंग यांचा एकेक करून परिचय येईल, मग डेपो आणि कारखाना, आणि शेवटी अपघात-मदत गाडीवरची माणसे. रुळावरून उतरलेला डबा हायड्रॉलिक जॅकने उचलून पुन्हा रुळावर ठेवायचे काम त्यांचेच. वाचकाला तांत्रिक शिक्षणाची गरज पडणार नाही. प्रवास करताना कान आणि नाक उघडे ठेवण्याची सवय मात्र लागेल. डब्याखालून चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर एकसारखा ठोका ऐकू येत असेल, रबर किंवा लोखंड जळल्याचा वास येत असेल, खिडकीबाहेर चाकापाशी ठिणग्या दिसत असतील, तर तिकीट तपासनिसाला किंवा १३९ या क्रमांकावर लगेच कळवावे. कळवताना एस-४ किंवा बी-२ एवढे सांगून थांबू नये. दाराजवळ किंवा डब्याच्या बाहेर रंगवलेला पाच-सहा आकडी क्रमांक सांगावा. एस-४ ची पाटी उद्या दुसऱ्या डब्याला लागेल, तो क्रमांक मात्र डब्याबरोबर कायम राहतो आणि डेपोतल्या नोंदवहीत त्याच क्रमांकाखाली त्याची प्रत्येक दुरुस्ती लिहिलेली असते.